स्कोअर सगळ्यांना ठाऊक असतो : देवगडकडच्या एका बँक शाखेतलं प्रकरण

वाशीम जिल्ह्यातली एक तरुण कृषी अधिकारी 2024 च्या दिवाळीनंतर देवगड तालुक्यातल्या एका बँक शाखेत रुजू झाली. कामाला चोख. सातबारा, फेरफार, आंबा बागेची पाहणी, मच्छीमारांच्या कर्जाच्या फायली, कशातच बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही दोन महिने व्हायच्या आत तिने बदलीसाठी विचारणा केली. कारण लिहिलं होतं ‘कौटुंबिक’. नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे असल्यामुळे तो कागद माझ्यापर्यंत आला. फोनवर थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “सर, माणसं चांगली आहेत. पण डबा उघडला की मॅच सुरू होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दिवसभर माणसांत असते आणि एकटी असते.”

मी तिला शिमग्यापर्यंत थांबायला सांगितलं. तोवर नाही जमलं तर बदलीचं बघू, असं ठरलं.

तिच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. लिहावंसं वाटलं कारण हा त्रास तिच्या एकटीचा नाही. राज्याच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला नोकरीसाठी गेलेल्या बऱ्याच जणांशी माझं बोलणं होतं. वेगळी बोली, वेगळं जेवण, चार महिन्यांचा पाऊस, याची तयारी माणूस घरून निघतानाच करून येतो. पण सगळे जण ज्या विषयावर तावातावाने बोलतात त्यात आपल्याला तोंडच उघडता येणार नाही, हे कुणी धरून चाललेलं नसतं. आणि ते सांगायचीही लाज वाटते, म्हणून अर्जात ‘कौटुंबिक’ येतं.

शाखा आणि तिथल्या गप्पा

शाखेत सहा-सात माणसं. शाखाधिकारी कोल्हापूरकडचे, रोखपाल मालवणचे, एक लिपिक बाई कणकवलीच्या, सुरक्षारक्षक सैन्यातून निवृत्त झालेले, आणि शिपाई काका जवळच्याच एका वाडीतले. मागच्या खोलीत डबे उघडले की विषय निघायचा तो खेळाचाच. भारताचा सामना असेल तर तो, नाहीतर मुंबईचा रणजी संघ, नाहीतर प्रो कबड्डी. रोखपाल जुन्या वळणाचे. दिलीप वेंगसरकरांचा जन्म राजापूरचा आणि लॉर्ड्सवर त्यांची तीन कसोटी शतकं, 1979, 1982 आणि 1986 ची, हे ते नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतात.

पण या सगळ्याच्या वर असते ती वाडीची मॅच. कोकणात भात कापून झालं की मळे मोकळे होतात आणि तिथेच मैदानं आखली जातात. दिवसा टेनिस बॉलचं क्रिकेट, बऱ्याच ठिकाणी अंडरआर्म. रात्री दिवे लावून कबड्डी. वाडी विरुद्ध वाडी, गाव विरुद्ध गाव. मुंबईला असलेले चाकरमानी यासाठी रजा टाकून येतात. कर्ण्यावर मालवणीत समालोचन चालतं आणि आता मोबाइलवर थेट प्रक्षेपणही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथे क्रिकेटचं वेड आहे. मला ते तेवढंच वाटत नाही. कोण गावात आहे, कोण मुंबईला परत गेला, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाची बोट बाहेर आहे, हे सगळं त्या गप्पांतून फिरत असतं. खेळाच्या गप्पांतूनच गावाची खबरबात कळते.

म्हणूनच या गप्पांच्या बाहेर राहणं फक्त मनाला लागत नाही, त्यात कामही बुडतं. तिच्याबाबतीत दोन गोष्टी घडल्या. एका रविवारी हिशेब करून, लोक घरी सापडतील म्हणून ती वसुलीसाठी एका वाडीत गेली, तर निम्म्याहून जास्त घरांना कड्या. सगळी वाडी शेजारच्या गावात फायनलला. शाखेत हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी लपवलं नव्हतं. डब्याच्या वेळी त्यावरच बोलणं झालं होतं आणि ती तेव्हा खाली मान घालून जेवत होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आठवडाभर गप्पांत एका सलामीच्या फलंदाजाचं नाव येत होतं. यंदा तो खेळणार नाही, बोटीचं इंजिन बसलं, बिचाऱ्याचा सीझन गेला, वगैरे. त्या टोपणनावाचा माणूस म्हणजे आपल्याच फायलीतला कर्जदार, हे तिला कळलं ते हप्ता थकल्यावर.

वही आणि मेलबर्न

तिने ठरवलं, शिकायचं. आणि बँकेची परीक्षा दिली त्याच पद्धतीने शिकायला लागली. वही घातली. षटकात सहा चेंडू. टी-ट्वेंटीत पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, पुढे पाच. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत देता येत नाही. त्या वेळी भारताचा संघ ऑस्ट्रेलियात होता. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू व्हायची. ती अंधारात उठून बघायची आणि आकडे टिपून ठेवायची.

30 डिसेंबरला, सोमवारी, भारत ती कसोटी हरला. दुपारी डबे उघडल्यावर तिने पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडलं. “184 धावांनी हरलो आपण. जयस्वालने 84 केल्या.”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग शिपाई काका म्हणाले, “मॅडम, ता आमका म्हायत आसा. तो आउट होतो काय नाय, ता सांगा.”

वाद चालला होता तो यशस्वी जयस्वालच्या बाद होण्यावर. पॅट कमिन्सच्या चेंडूवर यष्टिरक्षकाने झेल घेतला, मैदानावरच्या पंचाने नाबाद दिलं, ऑस्ट्रेलियाने दाद मागितली. स्निकोवर, म्हणजे चेंडू लागल्याचा आवाज रेघेने दाखवणाऱ्या यंत्रावर, काहीच उमटलं नाही, तरीही तिसऱ्या पंचाने चेंडूची दिशा बदललेली दिसते म्हणून बाद दिलं. ती अडखळत म्हणाली, “काका, यंत्रावर रेघच नाही आली, मग कशावरून दिलं?”

काकांनी डब्याचं झाकण उभं धरलं, ताटातली लसणीची पाकळी उचलली आणि झाकणाच्या कडेला घासून पलीकडे सरकवली. एकदा सरळ, एकदा किंचित वळवून. “आवाज इलो नाय, पण वळलो, ता डोळ्यांनी दिसता मा?” मग सुरक्षारक्षक उसळले. डोळ्यांवरच भागणार असेल तर यंत्र कशाला ठेवलंय? शाखाधिकारी काकांच्या बाजूने, रोखपाल रक्षकांच्या. कणकवलीच्या बाईंनी ती पाकळी उचलून बाजूला ठेवली, तर काकांनी दुसरी घेतली. काउंटर उघडायची वेळ झाली तरी वाद मिटला नव्हता, आणि त्यात तिने आणखी दोन प्रश्न विचारले होते.

या प्रकरणातून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथलं आहे. नवशिक्या माणसाला वाटतं आपल्याला माहिती कमी पडते आहे, म्हणून तो माहिती साठवतो. पण स्कोअर तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असतो. जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे ते सांगून कुणाशीही बोलणं सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी लोक बोलतात ते ज्याचा निकाल लागलेला नाही त्यावर: एकोणिसावं षटक त्यालाच का दिलं, तिसरी धाव घ्यायला हवी होती का, पंच चुकला का. आणि अशा वादात नवशिक्याचा खरा प्रश्न सगळ्यांना हवा असतो, कारण उत्तर देताना प्रत्येकाला आपलं म्हणणं पुन्हा मांडायला मिळतं. तिच्या वहीतल्या सगळ्या नोंदींनी जे झालं नाही ते त्या एका प्रश्नाने झालं.

तेव्हापासून मी नव्यांना एवढंच सांगतो की सामना बघा तेव्हा एकच निर्णय असा धरून ठेवा जो तुम्हाला पटला नाही किंवा समजला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो कुणा एकालाच विचारा. कुणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. शाखेत समजावून सांगायची हौस असलेला एक तरी माणूस असतोच, आणि बहुतेक वेळा तो हुद्द्याने सगळ्यात वरचा नसतो.

मळ्यातली मॅच

जानेवारीत काकांनी बोलावलं. “आयतवारी आमच्या वाडीत म्याची आसत. येवा.”

ती गेली. बायका होत्या, पण बहुतेक बांधावर, सावलीला. तिला कुठे बसावं कळेना. काकांनी तिला गुणलेखकाच्या टेबलाशी नेलं. तिथे बारावीतला एक मुलगा वही सांभाळत होता आणि त्याची पुढच्या मॅचला खेळायची पाळी होती. आकडे नीट लिहिणारं माणूस मिळतंय म्हटल्यावर त्याने दोन मिनिटांत खुणा शिकवल्या आणि वही तिच्यापुढे सरकवली. धाव नसेल तर टिंब, बायला त्रिकोण, नोबॉलला गोल, षटक निर्धाव गेलं तर टिंबं जोडून एम.

गुणलेखन हा खेळ शिकायचा सगळ्यात सरळ रस्ता आहे, हे मी आता ठामपणे म्हणू शकतो. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचं लक्ष भरकटतं. गुणलेखकाला प्रत्येक चेंडूचं काय झालं ते लिहावंच लागतं. पंचाचा हात कसा उठला ते बघावं लागतं. नाही समजलं तर ओरडून विचारावं लागतं, आणि विचारायचा हक्कही असतो. दिवसभरात तिला वहीत न सापडलेलं बरंच कळलं. लेगबाय, म्हणजे चेंडू अंगाला लागून मिळालेली धाव, फलंदाजाच्या खात्यावर का पडत नाही. छोट्या मैदानावर, चार-पाच षटकांच्या मॅचमध्ये एक निर्धाव चेंडूही किती महाग पडतो. आणि वाइड दिल्यावर गोलंदाज टेबलाकडे बघून काय बोलतो.

इंजिन बसलेला तो सलामीचा फलंदाज तिथेच भेटला. खेळत नव्हता, पंच म्हणून उभा होता. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः टेबलापाशी आला. आधी एका षटकाच्या नोंदीवरून शंका काढली, मग घुटमळला, मग बोटीचं बोलला. त्या आठवड्यात तो शाखेत आला आणि हप्त्यांची मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज दिला. दुरुस्ती होईपर्यंत पैसे येणार नाहीत, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे त्याआधीचे महिनेच काय ते हातात. हा हिशेब दोघांनी मिळून मांडला. बँकेच्या दृष्टीने बघितलं तर एक खातं वेळेत सावरलं. तिच्या दृष्टीने, घरी गेल्यावर कडी लावून घेणारा माणूस स्वतःहून चालत आला.

स्वतःची बाजू

आतापर्यंत ती इतरांच्या खेळात पाहुणी होती. यापुढे जे झालं त्याशिवाय ही शिकवणी टिकली नसती, असं माझं मत आहे.

एक तर जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खो-खो खेळलेली. “खेळातलं काही कळत नाही” म्हणणाऱ्या या मुलीने मागच्या खोलीत खुर्च्यांची रांग लावून खांबावर सूर कसा मारतात आणि एकाच ओळीतून पळणारा धावक पाठलाग करणाऱ्याला कसा चकवतो ते दाखवलं. खेळ कळत नाही असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या मागे शाळेतला एखादा खेळ असतोच. तो कुणी विचारत नाही इतकंच.

आणि फेब्रुवारीत रणजीच्या उपांत्य फेरीत मुंबईसमोर विदर्भ आला. आदल्या मोसमाच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवलेलं. देवगडची सगळी शाखा मुंबईच्या बाजूने, कारण कोकणातल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईत. वाशीमचं माणूस विदर्भाच्या बाजूने नसेल तर कुणाच्या? हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही. समोर सूर्यकुमार यादव, अजिंक्य रहाणे, शिवम दुबे यांची मुंबई. आणि नागपूरला विदर्भ जिंकला. सोमवारी ती शाखेत शिरली तेव्हा काका दारातच होते. “तुमचो विदर्भ जिंकलो. आता पार्टी होयी.”

तिने सगळ्यांना भजी खाऊ घातली. रोखपाल दोन दिवस गप्प होते, आणि मग विदर्भाच्या फिरकी गोलंदाजाबद्दल विचारू लागले. हर्ष दुबेने त्या मोसमात 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम. आता तिच्याकडे असं काही होतं जे इतरांना ठाऊक नव्हतं आणि हवं होतं.

अंतिम सामना केरळशी, 26 फेब्रुवारीपासून. त्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे कुणकेश्वरची जत्रा. शाखेतली मंडळी एकत्र गेली होती. दर्शनाच्या रांगेत नेटवर्क येत-जात होतं. सकाळी विदर्भ 3 बाद 24, आणि तिचा चेहरा उतरलेला बघून सुरक्षारक्षकांनी स्वतःचा फोन उंच धरून रेंज मिळवली. दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी डाव सावरला तेव्हा रांगेतल्या अनोळखी लोकांनाही बातमी कळली होती. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. “विदर्भ काय करून रायला?” हे वाक्य रोखपालांनी तिच्याकडून उचललं ते याच दिवसांत, मालवणी माणसाच्या तोंडी वऱ्हाडी ऐकायला फार गोड वाटतं.

शिमगा आला आणि गेला. बदलीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

जे सुटलं नाही

आंब्याचा हंगाम आणि आयपीएल एकाच वेळी येतात, मार्चच्या अखेरीपासून. पेट्या भरण्याच्या शेडमध्ये एका बाजूला प्रतवारी, दुसऱ्या बाजूला मोबाइलवर मॅच, आणि ती बागायतदारांशी कर्जाचं बोलायला तिथेच जाऊ लागली. हा भाग सोपा गेला. अवघड होतं ते दुसरंच. शाखेत मॅचवर पैज लावायची सवय होती, रक्कम किरकोळ. तिने नाही म्हटलं. आपण नुकत्याच आत आलो आणि लगेच नाही कसं म्हणायचं, या विचाराने ती दोन रात्री झोपली नाही. पण बँकेतल्या माणसाने पैजेपासून लांब राहावं हे तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते शाखाधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पैज बंद झाली. गप्पांना काही झालं नाही.

दुसरी गोष्ट कणकवलीच्या लिपिक बाईंची. त्यांना खेळात रस नाही. त्या दशावताराच्या चाहत्या; हंगामात रात्र-रात्र नाटकं बघून सकाळी वेळेवर कामावर येणाऱ्या. इतकी वर्षं त्याही डब्याच्या वेळी बाहेरच होत्या. फरक एवढाच की त्या इथल्याच असल्याने खबरबात त्यांना वाडीतून कळायची आणि त्यांच्या गप्प बसण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नवी मुलगी खेळ शिकली म्हणून तिचं कौतुक करताना मला या बाई आठवतात. जुळवून घ्यायचं ओझं नेहमी नव्या किंवा वेगळ्या माणसावरच का? ते ओझं शाखेनेही थोडं उचललं पाहिजे, आणि ते उचलायला लावणं साहेबाचं काम आहे.

इथल्या शाखाधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. कर्जदारांबद्दल, वाडीतल्या कार्यक्रमांबद्दल, बोटींबद्दल जे काही कानावर येतं ते सकाळी व्यवहार सुरू होण्याआधी उभ्या-उभ्या दहा मिनिटं एकमेकांना सांगायचं. खेळ आवडो न आवडो, कामाची बातमी कुणाची चुकायची नाही. त्यानंतर गप्पा म्हणजे नुसत्या गप्पा राहिल्या, आणि लिपिक बाईंनी एका दुपारी दशावतारातल्या संकासुराचं काम करणाऱ्याबद्दल सुरुवात केली ती थांबेचनात. सुरक्षारक्षकांना त्यांनी त्या हंगामात एक नाटक बघायला नेलंच.

2 नोव्हेंबर 2025 ला, रविवारी, महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवलं. शाखेतल्या बहुतेकांनी तो काकांच्या घरी बघितला. लिपिक बाई आल्या, अर्धा वेळ आत स्वयंपाकघरात गप्पा मारल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले तेव्हा बाहेर येऊन बसल्या. बांधावर बसून वाडीच्या मॅची बघणाऱ्या बायकांपैकी काही जणी त्या रात्री पहिल्या रांगेत होत्या. आता वाडीत मुलींचे सामने घ्यायचं बोलणं चाललं आहे. मैदान कधी मिळणार यावर ते अडलं आहे, आणि गुणलेखनाला कोण बसणार हे ठरलेलं आहे.

शाखेत आता नांदेडकडचा एक नवा लिपिक येतो आहे. तिने त्याच्यासाठी एक कागद तयार केला आहे. मी तो बघितला. वरती शाखेच्या हद्दीतल्या वाड्यांची नावं. पुढे कुठल्या महिन्यात कुठे स्पर्धा, जत्रा कधी, दहीकालो कधी, त्या दिवशी घरी कोण सापडणार नाही आणि मैदानावर कोण हमखास भेटेल. सगळ्यात खाली पेन्सिलने लिहिलं आहे : ‘शाळेत काय खेळायचे ते त्यांना पहिल्या दिवशी विचारणे.’